पेढीवरील माणसे आणि त्यांचे मनःस्वास्थ्य

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत करांचे बदललेले नियम, बाजारभावांची चढउतार, दिवंगत सभासदांचा गौरव आणि गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली एवढा मजकूर दरवर्षी येतोच, आणि तो यावयासही हवा. परंतु ज्यांच्या हातून आपली रोजकीर्द लिहिली जाते, ज्यांच्या पाठीवरून माल गोदामात उतरतो आणि ज्यांच्या तोंडून गिऱ्हाइकाला पहिला शब्द ऐकू येतो, त्या माणसांविषयी या पृष्ठांवर फारसे काही छापून येत नाही. दिवाळीच्या बोनसाचा आकडा ठरविताना काय ती त्यांची आठवण निघते. यंदा त्यांच्याविषयी, आणि त्यातही डोळ्यांना न दिसणाऱ्या एका बाबीविषयी, म्हणजे त्यांच्या मनाच्या प्रकृतीविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

मनाचे आजार हे मुंबई-बंगळूरच्या मोठ्या कचेऱ्यांत संगणकापुढे बसणाऱ्या तरुणांचे, आपल्या रविवार पेठेत अथवा खडे बाजारात त्यांचे काय काम, असे काही सभासद बंधू म्हणतील. त्यांच्यासाठी एकच आकडा देतो. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत घरोघर जाऊन मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्या राज्यांत गुजरात, मध्यप्रदेश यांसारखी व्यापारी वस्तीची राज्येही होती. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे त्या पाहणीत आढळून आले. त्याहून चिंताजनक गोष्ट पुढेच आहे. निरनिराळ्या विकारांत मिळून ७० पासून ९२ टक्क्यांपर्यंत रुग्णांस कसलाही उपचार मिळत नव्हता. ज्या गल्लीत शंभर माणसे कामास येतात तेथे दहा जण तरी हे ओझे घेऊन येत असतील, आणि त्यांपैकी आठ-नऊ जण ते ओझे कोणाला दाखवीतही नसतील, असा याचा सरळ हिशेब आहे.

ते दाखवीत नाहीत, आणि दाखविले तरी ते आपल्याला ओळखू येत नाही. आपल्याकडील माणूस 'माझे मन उदास आहे' असे म्हणत नाही. तो डोके दुखते म्हणतो, पित्त झाले म्हणतो, छातीत धडधडते म्हणतो. रात्री झोप लागत नाही हे तो डॉक्टरला सांगतो, पण मालकाला सांगत नाही. गल्लीतल्या दवाखान्यातून पित्ताच्या गोळ्या येतात आणि महिनोन्‌महिने चालू राहतात. दुकानात दिसते ते निराळेच. ज्याची तेरीज कधी चुकली नाही त्याची बेरीज चुकू लागते. मवाळ स्वभावाचा माणूस गिऱ्हाइकावर खेकसतो. जो इतर गड्यांबरोबर डबा खाई तो पायरीवर एकटा बसून खातो, किंवा डबा तसाच घरी परत नेतो. आपण मात्र म्हणतो, 'याचे हल्ली कामात लक्ष नाही', 'पगार वाढविल्यापासून डोक्यावर चढला आहे.' रोग एकीकडे आणि निदान दुसरीकडे, असा प्रकार होतो.

आमच्या माहितीतील एका आडत दुकानातील हकीकत नावगाव वगळून येथे देतो. तेथील दिवाणजी सव्वीस वर्षांच्या नोकरीचे. मार्चअखेरच्या गर्दीत एके संध्याकाळी गल्ल्यात अठरा हजारांची तूट आली. मालकांचे चिरंजीव हमालांसमोर, दोन गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, 'दिवाणजी, पैसे कोठे गेले ते तुम्हीच सांगा.' अकराव्या दिवशी उलगडा झाला. एका गावच्या व्यापाऱ्याने मोबाइलवरून भरलेली रक्कम रोखीच्या रकान्यात पडली होती, आणि ती नोंद दिवाणजींच्या हातची नव्हतीच. चिरंजीवांनी आत बोलावून 'मिळाले हो पैसे' एवढे सांगितले. आरोप चारचौघांत झाला, निरसन मात्र कानात झाले. त्यानंतर दिवाणजी नोटा चार-चारदा मोजू लागले. कुलूप लावून घरी गेल्यावर रात्री अकरा वाजता ते पाहावयास पुन्हा पेठेत येऊ लागले. श्रावणापर्यंत त्यांची झोप गेली, मग बोलणे गेले. घरच्यांनी प्रथम देवदेवस्की केली, अंगारे लावले. शेवटी शेजारच्या शाळेतील एका मास्तरांच्या सल्ल्याने त्यांना धारवाडला नेले. पाच-सहा महिने औषध घेऊन ते बरे झाले, आणि आज व्यवस्थित काम करीत आहेत. काम करीत आहेत ते दुसऱ्या पेढीवर. पहिल्या पेढीने तेव्हापासून तीन कारकून बदलले असून जुन्या येण्याची वसुली कोणाकडून किती, हे तेथे आता कोणालाही नीट सांगता येत नाही.

या हकीकतीत मालक मंडळी दुष्ट होती असे कोणी समजू नये. दिवाणजींच्या मुलीच्या लग्नात त्यांनी हात आखडला नव्हता. आपल्या बहुतेक पेढ्यांची रीत अशीच आहे. नोकर हा घरचा माणूस समजावा, त्याच्या घरी बारसे असो वा तेरावा, मालकाने जावे, मुलांच्या फीसाठी उचल द्यावी. ही रीत आपले भूषण आहे, आणि मोठमोठ्या कंपन्यांत पगार देऊनही ती विकत मिळत नाही. परंतु तिची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. घरच्या माणसाला वेळ नसते. त्याला 'आज जमणार नाही' असे म्हणण्याची सोय नसते. घरच्या माणसाने हिशेब मागायचा नसतो, आणि घरच्या माणसाला मालक मात्र कोणासमोरही बोलू शकतो. परक्या नोकराला जो मान आपण संकोचापोटी देतो तो घरच्या माणसाला आपुलकीपोटी नाकारतो, हे थोडे विचित्र आहे खरे, पण पेठेत पाच मिनिटे उभे राहिले तरी ऐकू येते.

उचलीचेही तसेच आहे. उचल देणे हे औदार्य आहे. परंतु ज्याच्या नावे साठ-सत्तर हजार पडले आहेत तो नोकरी सोडू शकत नाही, वाढीव काम नाकारू शकत नाही आणि झालेला अपमान बोलून दाखवू शकत नाही. बाहेरून तो निष्ठावंत दिसतो, आणि आतून तो अडकलेला असतो. उचल बंद करावी असे आमचे म्हणणे नाही. तिचे हप्ते आरंभीच कागदावर ठरावे, दरमहा त्याची प्रत त्याच्या हाती असावी आणि वादाच्या प्रसंगी 'आधी आमचे पैसे ठेव' हे वाक्य कोणी उच्चारू नये, एवढेच आमचे मागणे आहे.

आता कामाच्या तासांकडे वळू. केंद्र सरकारने १९६५ साली गाडी ओढणाऱ्या व ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी नियम केले. त्यांप्रमाणे जनावराकडून दिवसात नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, सलग पाच तासांपुढे विश्रांतीवाचून राबवू नये, आणि जेथे पारा ३७ अंशांवर चढतो तेथे दुपारी १२ ते ३ त्यास जुंपू नये. त्याआधी चार वर्षे, म्हणजे १९६१ साली, तेव्हाच्या म्हैसूर राज्याने दुकाने व व्यापारी आस्थापनांचा कायदा केला. त्यात माणसासाठी दिवसाचे नऊ तास, आठवड्याचे ४८ तास, सलग पाच तासांच्या आत एक तास विश्रांती आणि आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी ठरविली. म्हणजे तासांच्या हिशेबात बैल आणि गुमास्ता यांना कायद्याने एकाच पंक्तीस बसविले. फरक एवढाच की बैलाच्या बाबतीत उन्हाचा विचार झाला आहे. आपल्या समाजाने गावोगाव पांजरापोळी चालविल्या, लंगड्या जनावरासाठी चारापाण्याची तजवीज केली. त्याच समाजाच्या पेठेत गुमास्ता सकाळी साडेनऊला येतो आणि रात्री नऊला पायउतार होतो. जेवणाचा दीड तास वजा केला तरी दिवसाचे दहा आणि आठवड्याचे साठ तास भरतात. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे आठवड्यास ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्याला, ३५ ते ४० तास करणाऱ्याच्या तुलनेने, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी व हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. शरीराचे हे झाले. मनाच्या थकव्याचे माप मागणाऱ्याने अशा माणसाच्या मुलाला विचारावे की तुझ्या बापाशी तू आठवड्यात किती वेळ बोलतोस.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे दोन आहेत. शक्तीबाहेर ओझे लादणे आणि वेळेला खाऊपिऊ न देणे, असा त्यांचा साधा अर्थ. हे दोन्ही केवळ चार पायांच्या प्राण्यांपुरते आहेत असे समजण्याचे कारण नाही. स्वाध्यायात हे आपण दरवर्षी ऐकतो. गिऱ्हाईक आले म्हणून दुपारी अडीच वाजेपर्यंत डबा उघडू न देणे हे या दोहोंपैकी कशात मोडते, याचा निर्णय ज्याने त्याने करावा.

दुपारच्या सुट्टीवरून एक गोष्ट आठवते. गोव्याकडे म्हापसा-मडगावची पुष्कळ जुनी दुकाने आजही दुपारी एकला बंद होतात ती साडेतीन-चारला उघडतात. बाहेरगावचा माणूस त्याला आळस म्हणतो. परंतु त्या दोन-तीन तासांत दुकानदार व नोकर दोघेही घरी जेवतात, क्षणभर पाठ टेकतात. आपल्याकडेही ही चाल होती. स्पर्धेच्या नावाखाली ती मोडली, आणि दुपारच्या त्या वेळात येणारी गिऱ्हाइके किती, हे कोणी मोजलेले नाही.

साप्ताहिक सुट्टीचा इतिहास तर मराठी माणसाला ठाऊक असावयास हवा. मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर. ती सुट्टी आता खिशातल्या यंत्राने हळूच परत घेतली आहे. रविवारी सकाळी सातला मालकाचा निरोप मोबाइलवर येतो, 'अमुक पार्टीचे बिल पाठव', आणि वाचल्याची खूण उमटली नाही तर दहा मिनिटांनी फोन येतो. दुकानात कॅमेरे बसले आहेत. ते चोरीसाठी बसविले असे आपण म्हणतो, आणि घरी जेवताना मोबाइलवर कोण बसला, कोण उभा आहे ते पाहतो. ज्याच्यावर दिवसभर डोळा आहे असे ज्याला वाटते तो काम अधिक करतो असा समज आहे. आमचे निरीक्षण निराळे आहे. तो काम करताना दिसण्याचे काम अधिक करतो.

रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७९ साली एक मत मांडले व पुढे त्यावर पुष्कळ संशोधन झाले. काम अवघड आहे म्हणून माणूस खचतो असे नाही. कामाचा रेटा मोठा आणि ते कसे करावे याचा अधिकार मात्र शून्य, अशा ठिकाणी तो खचतो, असे त्याचे म्हणणे. आपल्या कापडदुकानातील विक्रेत्याला हे अक्षरशः लागू पडते. गिऱ्हाईक दर कमी करा म्हणून त्याला टोचते, मालक गिऱ्हाईक सोडू नको म्हणून टोचतो, आणि पन्नास रुपये सोडण्याचा अधिकार दोहोंच्या मध्ये उभ्या असलेल्या त्या माणसाला नसतो. ठराविक मर्यादेपर्यंत सूट देण्याचा, सदोष माल बदलून देण्याचा अधिकार त्याला दिला तर पेढीचे काय जाईल? जेथे तो दिला आहे तेथे विक्री घटल्याचे आम्ही तरी ऐकले नाही.

जुन्या दिवाणजींचे दुःख याहून खोल आहे. ज्याने पंचवीस-तीस वर्षे रोजकीर्द, खतावणी, तेरीज हाताने लिहिली, ज्याच्या वळणदार अक्षराचे बाजारात कौतुक होते, त्याच्यापुढे प्रथम संगणक आला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. विक्रीचे पत्रक महिन्याच्या ११ तारखेस, कराचे २० तारखेस, असा गळ्याला दोर लागला. वयाने त्याच्या मुलापेक्षा लहान असलेला तरुण येतो, दोन बोटांनी दहा मिनिटांत काम उरकतो आणि 'काका, तुम्ही बाजूला बसा' म्हणतो. कोणी वाईट बोललेले नसते. पगारही तोच असतो. परंतु पेढीवरची आपली जागा गेली, हे त्या माणसाला त्या दिवशी समजते, आणि तो ते घरी सांगत नाही. अशा माणसांचे काय करावे? त्यांना बाजूला बसविणे हे पेढीचेही नुकसान आहे. कोणता व्यापारी शब्दाचा पक्का, कोणाच्या बापाने १९९० च्या सुमारास हात वर केले होते, कोणत्या गावची हुंडी उशिरा वटते, हे यंत्रात नाही, ते त्यांच्या डोक्यात आहे. उधारीचा निर्णय व वसुली त्यांच्याकडे ठेवावी, नव्या मुलाने पत्रके भरावी, आणि त्या मुलाला चार लोकांत सांगावे की शंका आली तर दिवाणजींना विचारत जा. ज्यांना शिकण्याची हौस आहे त्यांना संघाच्या सभागृहात दुपारचे वर्ग घेऊन शिकवावे. पंचावन्नाव्या वर्षी माणूस शिकत नाही हे खरे नाही. आपल्या मुलाच्या वयाच्या मुलासमोर चुकण्याची त्याला लाज वाटते, म्हणून त्याला त्याच्याच वयाच्या चौघांत बसवावे.

स्त्रिया आता आपल्या दुकानांत, विशेषतः कापड व सराफीत, मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्याविषयी थोडक्यातच, कारण बाब अगदी उघड आहे. दिवसभर उभे राहणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांना बसावयास आसन द्यावे यासाठी केरळने २०१८ साली व तामिळनाडूने २०२१ साली कायद्यात दुरुस्ती केली. खुर्ची देण्यासाठी कायदा करावा लागला, यावर आम्ही वेगळे भाष्य करीत नाही. खुर्ची, स्वच्छतागृह आणि रात्री घरी पोहोचण्याची सोय या तीन गोष्टी ज्या पेढीवर नाहीत तेथे मनःस्वास्थ्याच्या व्याख्यानांचा काही उपयोग नाही.

हमाल व तोलाईदार यांची गोष्ट आणखी निराळी. ते कोणाच्याच हजेरीपटावर पुरते नसतात. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक माणसे रोजंदारीवर काम करणारी होती. ही माणसे दवाखान्यापर्यंत येतच नाहीत. त्यांच्यात दारू वाढली की आपण त्यांना कामावरून काढतो. दारूमागे काय होते ते विचारीत नाही.

उपाय नाहीत असे नाही, किंबहुना ते आपल्या दारापर्यंत आले आहेत. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सरकारने टेलिमानस ही दूरध्वनिसेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६. अहोरात्र चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठी व कन्नड दोन्ही भाषांत बोलता येते. भाषेचा मुद्दा आपल्या सीमाभागात लहान नाही. बाजारात कन्नड सफाईने बोलणारा माणूससुद्धा मनातले बोलताना आईच्या भाषेत बोलतो, आणि दुभाष्यामार्फत दुःख सांगणे म्हणजे निम्मे गिळणे होय. हा क्रमांक प्रत्येक पेढीवर, भिंतीवरच्या दिनदर्शिकेशेजारी लावावा. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. धारवाडची संस्था जुनी व नावाजलेली आहे. गोव्यातील बंधूंना बांबोळी येथे मनोविकारांची स्वतंत्र संस्था आहे. धारवाडला नेले म्हणजे माणूस वेडा ठरला, ही समजूत आपल्या आजोबांच्या काळची. आज तेथील बाह्यरुग्ण विभागात मनुष्य सकाळी जातो, औषध घेऊन संध्याकाळी परत येतो.

कायद्याची दोन कलमे सभासदांनी जाणून घ्यावी. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून अंमलात आला. त्याअन्वये विमा कंपन्यांनी मानसिक आजारासही शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याचे संरक्षण द्यावयाचे आहे. जे सभासद आपल्या नोकरांचा सामुदायिक वैद्यकीय विमा उतरवितात त्यांनी करारपत्र पुन्हा वाचून हे कलम आत आहे की नाही ते पाहावे. त्याच कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावयास सांगितले आहे, म्हणजे तिच्याशी गुन्हेगार म्हणून नव्हे, रुग्ण म्हणून वागावयाचे. दुसरी गोष्ट राज्य विमा योजनेची. दहा वा अधिक माणसे ज्या दुकानात आहेत तेथे ती लागू होते. २०१७ साली तिची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये करण्यात आली, आणि जुलै २०१९ पासून नोकराचा वाटा वेतनाच्या पाऊण टक्का व मालकाचा सव्वातीन टक्के ठरला. दीर्घ आजारांच्या यादीत तीव्र मनोविकारांचाही समावेश असून तशा रुग्णास दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते. दहाव्या माणसाचे नाव हजेरीपटावर न घालण्याची जी युक्ती काही ठिकाणी चालते, तिने वाचणारे सव्वातीन टक्के आणि त्या माणसाच्या घराची दोन वर्षे, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावे.

आक्षेप पुष्कळ येतील, आणि त्यांतील काही खरे आहेत. मालक, त्याचा मुलगा आणि दोन नोकर एवढाच पसारा असलेल्या दुकानात रजा द्यावयाची कोठून? घरबसल्या माल मागविण्याच्या या दिवसांत नफ्याचे प्रमाण घटले आहे, हेही खरे. लहान दुकानदार स्वतःच रात्री दोनला जागा असतो, त्याच्या मनाचे कोण पाहणार, असे कोणी विचारले तर त्यास आमच्याजवळ उत्तर एवढेच की १४४१६ हा क्रमांक मालकालाही लागतो. राहता राहिला सोंगाचा आक्षेप. मनाचा आजार दिसत नाही, तेव्हा कोणीही उठून रजा मागेल, असे म्हणतात. मधुमेहाच्या नावाखाली आपल्याकडे किती जणांनी सोंग केले? मनाच्या आजाराच्या नावाखाली तर कोणी सोंग करण्याचा संभवच कमी, कारण त्या नावाने मुलीचे लग्न मोडते. डॉक्टरची चिठ्ठी जशी तापाला चालते तशी याला चालावी. मात्र ती चिठ्ठी मालकाच्या कपाटात राहावी, ती गल्लीभर होऊ नये. हे शेवटचे कलम पाळणे आपणा व्यापाऱ्यांना जड जाणार नाही. आपण भाव, नफा आणि घरचे सोने तिऱ्हाइताला सांगत नाही, ती सवय येथेही चालवावयाची.

बोलावे कसे, हा प्रश्न राहतोच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत देखरेख करणाऱ्यांना शिक्षण देण्यावर भर आहे, तो योग्य आहे. आपल्याकडे ते शिक्षण पेढीवर नव्याने बसणाऱ्या चिरंजिवांना द्यावे लागेल, कारण जुन्या मालकाला माणूस कळत असे, नव्याला पुष्कळदा फक्त पत्रक कळते. त्यांना दोनच गोष्टी शिकवाव्या. पहिली, तूट आली तर आधी हिशेब तपासावा, मग माणूस, आणि दोन्ही दार लावून. चारचौघांत शब्द गेलाच असेल तर तो चारचौघांतच परत घ्यावा. पर्युषण संपल्यावर आपण दूरदूरच्या आप्तांस क्षमापनेचे निरोप धाडतो, ते हमालाच्या व दिवाणजीच्या दारीही पोहोचावे. दुसरी, गुमसुम झालेल्या माणसाला 'काय झाले रे तुला' असे गल्ल्यावरून न विचारता, संध्याकाळी त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन 'अण्णा, झोप लागते का?' एवढेच विचारावे. मनाविषयी कोणी बोलत नाही, झोपेविषयी सगळेच बोलतात. तेथून पुढचे तो आपणहून सांगेल, आणि त्या दिवशी नाही सांगितले तर आठ दिवसांनी सांगेल.

संघाने करावयाच्या गोष्टींची सूचना आम्ही चिटणीसांकडे लेखी दिली आहे. पेठेतील दुकाने रात्री साडेआठला बंद व्हावी आणि ठरलेल्या सुट्टीच्या दिवशी नोकरास कामाचा निरोप जाऊ नये, असा ठराव यावा. एकट्या दुकानाने आधी दार लावले तर गिऱ्हाईक शेजारी जाते, सगळ्यांनी मिळून लावले तर ते दुसऱ्या दिवशी येते, म्हणूनच हे काम संघाचे आहे. निवृत्त दिवाणजींची एक यादी संघाच्या कचेरीत असावी. आजारी माणसाच्या जागी चार-सहा आठवडे त्यांच्यापैकी कोणी बसेल, म्हणजे लहान दुकानदाराची रजेची अडचण सुटेल आणि निवृत्तांनाही पेढी पुन्हा दिसेल. दर नोकरामागे प्रत्येक सभासदाने वर्षास शंभर रुपये द्यावे व त्यातून धारवाडची जाण्यायेण्याची बस, औषध आणि बरोबर जाणाऱ्या नातलगाचा त्या दिवसाचा बुडालेला रोज एवढा खर्च भागवावा. नाव गुप्त राहावे म्हणून या निधीची चिठ्ठी कोणाच्याही दुकानावर न देता संघाच्या वैद्यकीय समितीतील डॉक्टरांनीच द्यावी, आणि हिशेबात रुग्णाच्या नावाऐवजी केवळ अनुक्रमांक लिहावा. वर्गणीचा आकडा कमी-अधिक करण्यास आमची हरकत नाही. बसभाड्याची व बुडालेल्या रोजाची बाब मात्र त्यातून गाळू नये, कारण औषध सरकारी रुग्णालयात मिळते, जाणे अडते ते या दोन गोष्टींपायी.

वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत ही सूचना यावी यासाठी अकरा सभासदांच्या सह्या लागतात. अर्ज संघाच्या कचेरीत ठेवला आहे.